शिल्लक बारा

कंपनीत तिला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी ती किल्लीताईच. खरं म्हणजे तिच्या कमरेला एकही किल्ली नव्हती. तिच्या ताब्यात होता तो एक सर्व्हर, मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात सदानकदा घरघरणारं यंत्र, आणि त्या यंत्रात शिरायची साठ लायसन्स.

कंपनी नकाशे काढायची. शहराच्या पोटातले नकाशे. पाण्याचा नळ कुठून जातो, गॅसची नळी कुठं वळते, विजेची तार किती हात खोल आहे, असले. हे नकाशे कुणाच्या घरच्या कॉम्प्युटरवर उतरवायचे नाहीत असा करार होता. म्हणून ते सर्व्हरवरच राहत आणि आरेखक मंडळी आपापल्या घरी बसून, इंटरनेटवरून सर्व्हरचा पडदा उघडून काम करत. पडदा उघडायचा तर माणसाच्या नावावर लायसन्स हवं. ते नसलं की दार बंद. कोण नवीन आलं, कोण सोडून गेलं, कुणाचं काढून कुणाला द्यायचं, हे सगळं आठ वर्षं किल्लीताई बघत होती.

चार वर्षांपूर्वी लायसन्स एकदा खरोखरच कमी पडली होती. माणसं पंचावन्न आणि लायसन्स चाळीस. तेव्हा तिनं पाळ्या लावल्या, कुणाला पहाटे बसवलं, कुणाला दुपारी, आणि सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. 'हिच्या मर्जीतल्यांना सोयीची पाळी मिळते,' असंही कुणी कुणी कुजबुजलं. ते तिच्या फार जिव्हारी लागलं. त्या आठवड्यापासून दर शुक्रवारी चार वाजता ती सर्व्हरच्या दारावरच आकडा लावू लागली. आत शिरणाऱ्या प्रत्येकाला आधी तो दिसायचा: एकूण इतकी, दिलेली इतकी, शिल्लक इतकी. पुढं कंपनीनं लायसन्स वाढवून साठ केली, पाळ्या संपल्या, पण आकडा लावायचं तिनं सोडलं नाही. कुणी वाचो, न वाचो.

त्या गुरुवारी दुपारी तिला नव्या साहेबांचं बोलावणं आलं. साहेबांना येऊन पाच महिने झाले होते. दर दोन वाक्यांनी ते 'पारदर्शकता' म्हणत, म्हणून लोकांनी त्यांचं नाव पारदर्शक साहेब ठेवलं होतं. त्यांच्या केबिनच्या काचांना मात्र बाहेरून काही दिसू नये असा पांढरा कागद चिकटवलेला होता.

"बसा," साहेब म्हणाले आणि त्यांनी एक कागद पुढं सरकवला. "ही अकरा नावं. उद्या संध्याकाळी यांची लायसन्स काढून घ्यायची."

किल्लीताईनं यादी वाचली. पहिलंच नाव काकूंचं होतं. काकू म्हणजे कंपनीतल्या सगळ्यात जुन्या आरेखक. अपघातात दोन्ही पाय गेल्यापासून चाकांच्या खुर्चीत होत्या आणि घरूनच काम करत. हात असा की त्यांच्या नकाशात चूक सापडली तर लोक आधी स्वतःचा चष्मा पुसत. किल्लीताईनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण आठ वर्षं रोज फोनवर बोलणं होतं.

"हे लोक सोडून चाललेत का?" तिनं विचारलं.

"नाही. लायसन्स कमी पडताहेत."

"कमी? साहेब, साठ आहेत. अठ्ठेचाळीस दिलेली आहेत. बारा शिल्लक आहेत."

"ते तुमच्या हिशेबानं."

"माझ्या कसल्या? मोजून बघा ना."

साहेबांनी दुसरा कागद काढला. त्यावर टाइप करून ठेवलेलं होतं: 'परवान्यांच्या तुटवड्यामुळे खालील अकरा जणांचा प्रवेश पुढील आदेशापर्यंत स्थगित करण्यात येत आहे.' खाली रिकामी रेघ आणि रेघेखाली तिचा हुद्दा.

"लायसन्स तुमच्या ताब्यात, म्हणून सही तुमची," साहेब म्हणाले. "एवढीच औपचारिकता आहे."

"उद्या सांगते," म्हणून ती उठली. दारापर्यंत पोचली तोच मागून साहेबांचा आवाज आला, अगदी साखरेत घोळलेला. "तुम्हीही आठवड्यातून दोन दुपारी घरून काम करता ना? सासूबाईंच्या व्यायामासाठी? माझ्या लक्षात आहे हं. यादी अकराची आहे. बारावं नाव लिहायला कितीसा वेळ लागतो?"

खोलीत परत येऊन ती सर्व्हरसमोर बसली, पण हाताला काम सुचेना. यादी पुन्हा पुन्हा वाचता वाचता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गेल्या महिन्यात साहेबांनी फर्मान काढलं होतं की घरून काम करणाऱ्यानं दिवसभर कॅमेरा चालू ठेवायचा, म्हणजे माणूस खुर्चीत आहे की नाही ते कळेल. अकरा जणांनी मिळून त्यावर पत्र दिलं होतं. आमचं काम तपासा, आमची घरं नाही. ते पत्र काकूंनीच लिहिलं होतं आणि खालच्या अकरा सह्या याच होत्या. एक कमी नाही, एक जास्त नाही.

मग तिनं कपाटातून सेवानियमांचं पुस्तक काढलं. कधी कुणी न उघडलेलं, पानं एकमेकांना चिकटलेली. हवा तो नियम सतराव्या पानावर सापडला: सलग पाच कामाचे दिवस सर्व्हरवर हजेरी नसेल, तर माणसानं स्वतःहून काम सोडलं असं धरावं.

म्हणजे कुणाला काढायचं नाही, कुणाला नोटीस द्यायची नाही. नुसतं दार बंद करायचं, पाच दिवस थांबायचं आणि मग म्हणायचं, हे आलेच नाहीत. वर दार बंद करणारीची सही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी सासूबाई खिडकीशी बसून खांद्याचा व्यायाम करत होत्या. चाळीस वर्षं गणवेशाच्या कारखान्यात कापड कापायचं काम केलेल्या बाई, उजवा खांदा त्यातच गेला. नवरा जहाजावर इंजिनखान्यात, सहा सहा महिने बाहेर, त्यामुळे घरात या दोघीच. जेवताना किल्लीताईनं सगळं सांगितलं. सासूबाई ऐकत राहिल्या. मध्ये फक्त एकदा "आमटी वाढ" म्हणाल्या.

"सही केलीस?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही."

"करणार आहेस?"

"नाही, आई. पण नोकरी जाईल कदाचित. निदान त्या दोन दुपारी तरी जातील."

"माझ्या व्यायामाचं निमित्त पुढं करू नकोस बाई," सासूबाई फिस्कारल्या. "हात मी एकटी वर करू शकते. बघ." आणि त्यांनी हात वर केला. तो कानाच्या वर गेला नाही आणि त्यांचा चेहरा पिळवटला, पण हात त्यांनी खाली घेतला नाही. किल्लीताईनंच उठून तो धरून खाली आणला. दोघींना हसू फुटलं, आणि हसताना किल्लीताईच्या डोळ्यांत पाणी कधी आलं ते तिलाच कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी ती साहेबांकडे गेली आणि तिनं स्वतःचा कागद टेबलावर ठेवला. चारच ओळी होत्या. लायसन्सचा तुटवडा नाही. बारा शिल्लक आहेत. म्हणून या मजकुराखाली मी सही करू शकत नाही. अकरा जणांचा प्रवेश बंद करायचा असल्यास खरं कारण लिहून, आपल्या सहीनं आदेश द्यावा.

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुम्ही मला शिकवणार?"

"नाही. मी मोजते. शिकवायचं काम माझं नाही."

"ठीक आहे. बाहेरच्या ठेकेदाराचा माणूस आणतो. सर्व्हरचे पासवर्ड द्या."

"ते तिजोरीत मोहोरबंद पाकिटात आहेत. पाकीट उघडताना वहीत सही लागते, तुमची. का उघडलं तेही लिहावं लागतं."

साहेबांनी वही मागवली, सही ठोकली आणि कारणाच्या रकान्यात 'प्रशासकीय' असं लिहिलं. किल्लीताईनं पाकीट त्यांच्या हातात दिलं. लपवाछपवी नाही, खोडा नाही. दार अडवून बसायचं तिच्या मनातही नव्हतं. खोट्याला आपलं नाव चिकटवायचं नाही, एवढीच तिची हट्टाची रेघ होती.

"आणि तो शुक्रवारचा आकडा," साहेब म्हणाले, "आजपासून बंद."

"लेखी द्या."

"प्रत्येक गोष्ट लेखी?"

"पारदर्शकता, साहेब."

लेखी काही आलं नाही. चार वाजले आणि तिनं आकडा लावला: एकूण साठ, दिलेली अठ्ठेचाळीस, शिल्लक बारा. 

शनिवारी ठेकेदाराचा माणूस येऊन काम करून गेला. सोमवारी नऊ वाजून तीन मिनिटांनी तिचा फोन वाजला.

"किल्ले, अगं काय झालंय?" काकू. "पडद्यावर येतंय, लायसन्स उपलब्ध नाही, व्यवस्थापकाशी संपर्क साधा. व्यवस्थापक तूच ना?"

"काकू, लायसन्स आहेत. तेवीस मोकळी पडलीत. तुमची काढून घेतलीत. अकरा जणांची."

काकू बुद्धीनं तल्लख, कोणते अकरा हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"पाच दिवसांचा नियम?" त्यांनी विचारलं.

"हो. काकू, मी एक सांगते, नीट ऐका. दार बंद असलं तरी तुम्ही ते ठोठावलंत की सर्व्हर लिहून ठेवतो. कोण आलं, किती वाजता आलं, का परतवलं. प्रत्येक वेळी. हे काही गुपित नाही, यंत्राचा स्वभावच आहे तो."

"म्हणजे आम्ही आलो नाही असं म्हणायचं असेल तर..."

"तर यंत्राला खोटं पाडावं लागेल. आणि अजून एक. आपल्या प्रवेशाच्या नोंदी मागायचा हक्क प्रत्येकाला आहे. सतराव्या पानाच्या पुढच्याच पानावर. लेखी अर्ज करायचा, मी नक्कल द्यायची."

"दुष्ट आहेस," काकू खुशीत म्हणाल्या. "बाकी दहांना मी सांगते."

आणि मग अकरा जणांनी दार ठोठावायला सुरुवात केली. नऊला, दहाला, अकराला. कुणी तासातासानं, कुणी आठवेल तसं. एक आरेखक तापानं फणफणला होता, तर त्याची बायको दर दोन तासांनी लॅपटॉप त्याच्या अंथरुणाशी नेऊन त्याचं बोट बटणावर ठेवायची. आणखी एकाच्या घरी पाळण्यातलं बाळ होतं, त्यानं एका हातानं पाळणा हलवत दुसऱ्या हातानं दारावर थापा मारल्या. काकू तर पेटल्याच होत्या. किल्लीताई पडद्यासमोर बसून बघायची. नाव, वेळ, 'प्रवेश नाकारला'. नाव, वेळ, 'प्रवेश नाकारला'. कोरडी यादी, पण ती वाचताना तिला अकरा जण रांगेत उभे असल्यासारखे दिसत.

शुक्रवारी चारला तिनं आकडा लावला: एकूण साठ, दिलेली सदतीस, शिल्लक तेवीस. आत असलेल्या सदतीस जणांनी तो वाचला. पाच मिनिटांत तिला तिघांचे फोन आले, ही काढलेली अकरा कुणाची, म्हणून. तिनं तिघांनाही सांगितलं. त्याच संध्याकाळी अकरा अर्जांवर अकरा नकला, प्रत्येक पानावर तिच्या सहीनिशी, घरोघर रवाना झाल्या.

सोमवारी दोन गोष्टी एकदम झाल्या. अकरा घरी पत्रं गेली की आपण काम स्वतःहून सोडलं असं गृहीत धरण्यात येत आहे. आणि किल्लीताईची बदली तळघरातल्या कागदाच्या गोदामात झाली. घरून कामाच्या दोन दुपारी रद्द. ती डबा आणि पाण्याची बाटली उचलून जिना उतरली. अकरा जणांनी त्याच दिवशी कामगार कार्यालयात तक्रार टाकली.

दहा दिवसांनी कामगार अधिकारी आल्या. किडकिडीत, सर्दीनं हैराण झालेल्या बाई, हातात पेन्सिल. मोठ्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला अकरा जणांच्या वतीनं काकू. गोदामातून बोलावलेली किल्लीताई आत शिरली आणि तिनं काकूंना पहिल्यांदा पाहिलं. फोनवरच्या दणदणीत आवाजावरून तिनं धिप्पाड बाई कल्पिली होती. खुर्चीत होती ती चिमणीएवढी, केस पांढरेशुभ्र, मांडीवर कागदांचा गठ्ठा.

"हे लोक पाच दिवस फिरकलेच नाहीत," साहेबांनी सुरुवात केली. "लायसन्सचा थोडा तुटवडा होता, पण ते संपर्क करू शकले असते. आमच्याकडे संपूर्ण पारदर्शकता..."

काकूंनी गठ्ठा टेबलावर ठेवला. "तीनशे सत्त्याण्णव वेळा," त्या म्हणाल्या. "पाच दिवसांत अकरा जण मिळून तीनशे सत्त्याण्णव वेळा कामावर आलो. मी एकटी त्रेसष्ट वेळा. मला तर पाय नाहीत. फिरकणं आणखी कसं असतं ते साहेबांनी सांगावं."

अधिकारी बाईंनी शिंक आवरली आणि पानं उलटली. "ही सही कुणाची?"

"माझी," किल्लीताई म्हणाली.

"त्या आठवड्यात लायसन्स शिल्लक होती?"

"तेवीस. त्याआधी बारा. तुटवडा एक दिवसही नव्हता. तसं लिहून द्यायला सांगितलं होतं, मी नकार दिला. तोही लेखी आहे."

"या बाईंचा माझ्यावर राग आहे," साहेब पटकन म्हणाले. "नोंदी यांनीच बनवल्या नसतील कशावरून?"

मग बाईंनी ठेकेदाराच्या माणसाला बोलावलं; किल्लीताईच्या बदलीपासून सर्व्हर तोच सांभाळत होता. मिशीवाला, मितभाषी गृहस्थ. तो आत आला आणि सरळ अधिकारी बाईंकडे बघून बोलू लागला. "नोंदी सर्व्हरवर जशाच्या तशा आहेत, आत्ता दाखवतो. मागच्या बुधवारी मला त्या पुसायला सांगितलं होतं. मी म्हटलं, लेखी द्या. त्या पाकिटाच्या वहीत ताईंनी प्रत्येक गोष्टीपुढं सही घेतलेली बघितली होती, म्हटलं आपणही तसंच करावं. साहेबांनी लेखी दिलं नाही. मग मी पुसल्या नाहीत."

साहेब काचेकडे बघत राहिले. अधिकारी बाईंची पेन्सिल तेवढी कागदावर खरखरत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकराही लायसन्स परत मिळाली, पत्रं मागं घेतली गेली, गेलेले दिवस कामाचे धरले गेले. कॅमेऱ्याचं फर्मान 'फेरविचारासाठी' एका फायलीत गेलं आणि तिथंच पडलं. साहेब मात्र राहिले. मुख्य कार्यालयानं त्यांना समज दिली म्हणे. हल्ली ते पारदर्शकतेऐवजी 'संवाद' म्हणतात.

आणि किल्लीताई? तिला समजपत्र मिळालं, वरिष्ठांचा आदेश डावलला म्हणून. सोबत तोंडी निरोप: दिलगिरीची एक ओळ लिहून द्या, सर्व्हर परत तुमच्याकडे, दोन दुपारीही परत.

काकू आता अधूनमधून मुद्दाम कचेरीत येऊ लागल्या होत्या. सामानाच्या लिफ्टनं त्या खाली गोदामात आल्या.

"एक ओळ तर लिहायचीय," त्या म्हणाल्या. "लिही आणि ये वर. तो मिशीवाला चांगला आहे, पण फोनवर नुसता हं हं करतो. आमच्यासाठी तू इतकं सोसायचं कारण नाही."

"तुमच्यासाठी नाही, काकू. दिलगिरी कशाची लिहू? बाराला बारा म्हटलं याची?"

"घरी काय म्हणतात?"

"सासूबाई? त्यांनी शेजारणीला पकडलंय. दोघी मिळून व्यायाम करतात. म्हणजे एक हात वर करते आणि दुसरी चहा पिते."

काकू पोट धरून हसल्या. मग त्यांनी गोदामावर नजर फिरवली. जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या छतापर्यंत रचलेल्या, वीस वर्षांची धूळ, कुठं काय आहे याची यादी नाही. किल्लीताईनं एका कोपऱ्यापासून गुंडाळ्या उतरवायला घेतल्या होत्या. पुसायची, नंबर घालायची, वहीत उतरवायची. दोन मांडण्या झाल्या होत्या, एकोणीस बाकी होत्या.

"दे इकडे, मी वाचते, तू लिही," काकू म्हणाल्या आणि खुर्ची पुढं घेतली.

तिसरी गुंडाळी उलगडत होती तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. साहेब होते.

"झालं का लिहून?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"ती ओळ. मुख्य कार्यालय विचारतंय."

"नाही झाली, साहेब. होणारही नाही. तसं कळवा त्यांना." तिनं छताकडे पाहिलं. "आणि इथल्या दोन ट्यूबलाइट गेल्यात. अक्षरं दिसत नाहीत. तेवढ्या आजच्या आज बदलून पाठवा."

फोन ठेवून तिनं वहीत नवी रेघ ओढली. काकूंनी नकाशा छताजवळच्या झरोक्याच्या उजेडाकडे धरला आणि वाचायला सुरुवात केली.